पिकअप तापते, काटा लालवर जातो: नागपूरच्या गाडीवाल्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

कळमन्याला माल उतरवणारे, बुटीबोरी-हिंगण्याची रोजची फेरी मारणारे, काटोल-वरूडहून संत्रा आणणारे... एप्रिल लागला की या सगळ्यांचे फोन एकाच गोष्टीसाठी येतात. "भाऊ, गाडी तापून राहिली." गेल्या काही उन्हाळ्यांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. डिझेल पिकअप कोणत्याही कंपनीची असो, पाणी फिरण्याची व्यवस्था थोड्याफार फरकाने सारखीच असते. दाबाचे, तापमानाचे आणि बोल्ट आवळण्याचे नेमके आकडे मात्र आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलेच धरा.

1. काटा लालवर गेला आहे आणि मी रस्त्यातच आहे. आत्ता काय करू?

एसी बंद करा. हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर ठेवून त्याचा पंखा फुल करा. मे महिन्यात हे नको वाटतं, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच असतो. इंजिनातली थोडी उष्णता तो बाहेर काढतो. मग जागा बघून गाडी कडेला घ्या.

इंजिन लगेच बंद करायचं की नाही, हे तीन गोष्टी बघून ठरवा. बॉनेटमधून वाफ येत असेल, खाली पाणी सांडत असेल किंवा काट्याबरोबर बॅटरीचा दिवाही लागला असेल, तर त्याच क्षणी बंद करा. बॅटरीचा दिवा लागणं म्हणजे बहुतेक वेळा पट्टा तुटलेला असतो. ज्या गाडीत वॉटर पंप त्याच पट्ट्यावर आहे, तिच्यात पाणी फिरणंही थांबलेलं असतं. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरवरच असतो, म्हणून अशा वेळी ब्रेकही दगडासारखा कडक लागतो. घाबरू नका, जोर लावून दाबा.

यातलं काहीच नसेल तर न्यूट्रलमध्ये, रेस किंचित वाढवून, एखादा मिनिट चालू ठेवा. पाणी फिरत राहिलं तर हेडमध्ये (इंजिनच्या सिलिंडरांवरचं जाड झाकण) साचलेली उष्णता निघते आणि काटा खाली येतो. मिनिटभरात आला नाही तर बंद करा.

गरम इंजिनवर पाणी ओतू नका. हेडला तडा जातो आणि खर्च दुपटीचा होतो.

2. रेडिएटरची कॅप किती वेळाने उघडायची?

किमान पाऊण तासाने, आणि तेही वरचा होज पाइप हाताने दाबून बघितल्यावर. पाइप फुगलेला, कडक लागला तर आत दाब आहे. नरम पडला की कॅपवर जाड कापड ठेवून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, सुस्कारा पूर्ण थांबू द्या, मग काढा.

कारण समजून घ्या. साधं पाणी 100 अंशांना उकळतं, पण एक बारच्या दाबाखाली ते सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. रेडिएटरमध्ये 110 अंशांचं पाणी शांत बसलेलं असतं. कॅप काढताच दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. वाडीजवळच्या एका धाब्यावर क्लीनर पोराचा हात असा भाजलेला मी पाहिला आहे. त्याची घाई फक्त पाच मिनिटांची होती.

3. गाडी नेली की आधी विचारता "कधी तापते?" त्याने काय कळतं?

निम्मं निदान तिथेच होतं. म्हणून गाडी आणण्याआधी दोन दिवस हे लिहून ठेवा: जाममध्ये तापते की रिंग रोडवर, रिकामी की भरलेली, सुरू केल्यावर किती वेळाने, आणि हळूहळू की एकदम.

कळमन्याच्या गेटबाहेर रांगेत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर लागल्यावर काटा आपोआप खाली येतो, तर संशय हवेवर घ्या. पंखा, त्याचा क्लच, त्याभोवतीचं प्लास्टिकचं कवच. धावत्या गाडीत हवा समोरून येते, उभ्या गाडीत ती फक्त पंखाच ओढतो.

उलट, शहरात ठीक चालते पण समृद्धीवर शिवमडक्याहून चढून 80 च्या वेगाने तासभर भरलेली पळवली की काटा सरकतो, तर हवा भरपूर आहे, पाणी कमी पडतंय. रेडिएटर आतून चोक आहे, वॉटर पंपाची पाती झिजली आहेत किंवा खालचा होज पाइप आत ओढला जाऊन चपटा होतोय. हा चपटा होणारा पाइप गाडी उभी असताना धडधाकट दिसतो, म्हणून सुटून जातो. इंजिन गरम करून, पंख्यापासून दूर राहून, रेस तीन हजारांपर्यंत चढवा आणि पाइपकडे बघा. आतली स्प्रिंग गंजून तुटलेली असेल तर पाइप डोळ्यांसमोर बसतो.

सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच काटा वर, आणि वरचा पाइप अजून थंड, तर थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, अडकलाय (प्रश्न 7). एकदम झर्रकन वर गेला तर पट्टा किंवा मोठी गळती. कधी वर, कधी खाली, असा नाचत असेल तर आत हवा आहे किंवा पाणी कमी आहे (प्रश्न 12 आणि 13). फक्त चढावर आणि लोडमध्ये, बाकी काही नाही, तर प्रश्न 14 आधी वाचा, कारण दोष कधी कधी इंजिनात नसतोच.

4. डिसेंबरमध्ये काहीच त्रास नव्हता. नवतप्यात तापते. म्हणजे ऊनच कारण ना?

ऊन दोष उघडा पाडतं. दोष आधीपासून असतो.

रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आतलं पाणी 90 अंशांचं आणि बाहेर 25 अंश असतील तर फरक 65 चा. तीच गाडी 45 अंशांत उभी केली की फरक 45 वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण काम जवळपास तीस टक्के कमी. नागपुरात 23 मे 2013 ला 47.9 अंशांची नोंद झाली होती, आणि ती सावलीतल्या हवेची. तापलेल्या डांबरालगतची हवा, जी बंपरखालून रेडिएटरला मिळते, ती याहून गरम असते.

धडधाकट व्यवस्थेत एवढा फरक सोसण्याची ताकद ठेवलेली असते. रेडिएटरच्या चौथाई नळ्या बुजल्या असतील तर हिवाळ्यात ते कळत नाही, कारण तेव्हा उरलेल्या नळ्या पुरतात. मे महिन्यात पुरत नाहीत. म्हणून तपासणी मार्चमध्ये, होळीच्या आसपास करून घ्या. मे महिन्यात सगळे गॅरेजवाले गुंतलेले असतात आणि घाईत चुकीचे पार्ट बदलले जातात.

5. रेडिएटर समोरून स्वच्छ दिसतो, तरी तुम्ही चोक म्हणता. कसं?

समोर जे दिसतं ते बऱ्याच गाड्यांत रेडिएटर नसतोच. आधी एसीचा कंडेन्सर, कुठे कुठे इंटरकूलर, आणि त्यांच्या मागे रेडिएटर. कचरा साचतो तो या दोघांच्या मधल्या बोटभर फटीत.

एक गाडी सांगतो. हिंगणघाटच्या बाजूने जिनिंगचा माल वाहायची. दोन गॅरेजनी थर्मोस्टॅट, कॅप आणि वॉटर पंप बदलून दिला होता, आता हेड खोलायचं म्हणत होते. आम्ही वरची पट्टी सोडवून टॉर्च फटीत घातला. आत रेडिएटरची जाळीच दिसेना. कापसाचे तंतू, त्यावर बसलेली धूळ, त्यात अडकलेले किडे आणि एसीच्या ओलाव्याने या सगळ्याचं झालेलं नमदं. रजईतून काढल्यासारखा एक सलग पापुद्रा चिमटीने सोलून काढला, तळहाताएवढे सात-आठ तुकडे निघाले. त्या मालकाला ते तुकडे हातात धरून उभा राहिलेला मी विसरत नाही, कारण त्याआधी झालेला सगळा खर्च फुकट होता. गाडीने तो उन्हाळा त्याच जुन्या रेडिएटरवर काढला.

सोयाबीन आणि तुरीचा भुसा, धानाचा कोंडा, पावसाळ्यातला वावरातला चिखल, सगळं इथेच येऊन बसतं. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने समोर, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर काढा. साध्या नळीच्या धारेने. वॉशिंग सेंटरचं प्रेशर जवळून मारलं तर पत्रीच्या पापण्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते.

आतून चोक आहे का, हे बघायला इंजिन गरम करून बंद करा आणि तापमान मोजणारी गन जाळीवर फिरवा. एका बाजूकडून दुसरीकडे तापमान सावकाश उतरत जायला हवं. मधेच हात ठेवण्याइतका थंड पट्टा सापडला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला टाकी खोलून रॉड मारता येतो. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असतील तर रॉडिंगच्या भानगडीत पडू नका. नळ्या फाटतात.

6. पंखा फिरताना दिसतो. मग तो बरोबर आहे असं समजू का?

नाही. ज्या गाडीत पंखा इंजिनच्या पट्ट्यावर आहे, तिथे मधे बहुधा व्हिस्कस क्लच असतो. आत सिलिकॉनचं घट्ट द्रव असतं. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ते द्रव पंख्याला घट्ट पकडतं. पकड गेली तरी पंखा फिरताना दिसतो, पण लोळत फिरतो, हवा ओढत नाही.

इंजिन बंद आणि थंड असताना हाताने फिरवा. हलकासा जड लागायला हवा. एका झटक्यात दोन-तीन फेरे घेत असेल तर क्लच गेला. तापल्यावर इंजिन बंद करून पुन्हा बघा, आता आणखी जड हवा. क्लचच्या मध्यावरून बाहेर फेकलेली तेलकट धुळीची रेघ दिसली तर आतलं द्रव गळून गेलं आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर काही वेळ पंख्याचा घोंघाट येतो, तो दोष नाही.

विजेचा पंखा असेल तर एसी लावून बघा, तो लगेच सुरू व्हायला हवा. नाही झाला तर फ्यूज, रिले, वायरिंग. आणि एक कळकळीची विनंती: बॉनेटमध्ये वाकताना गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा. विजेचा पंखा चावी बंद असतानाही सुरू होऊ शकतो.

7. मिस्त्री म्हणतो, "आपल्याकडे थर्मोस्टॅट लागतच नाही, काढून टाकू." काढू का?

काढू नका. हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याने इंजिनं खराब झालेली मी बघितली आहेत.

थर्मोस्टॅट दोन कामं करतो. थंड इंजिनात रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि गरम झाल्यावर ती उघडतो. अनेक इंजिनांत रेडिएटरची वाट उघडताना तो खालच्या चकतीने बायपासची वाट बंदही करतो. असा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा राहतो. गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाताच पुन्हा इंजिनात शिरतो. म्हणजे ज्यासाठी काढला, नेमकं तेच वाढतं.

बायपासची रचना वेगळी असेल तर गाडी तापणार नाही, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी इंजिन नीट गरमच होणार नाही. थंड डिझेल इंजिन जास्त इंधन खातं, धूर देतं, लायनर-रिंग लवकर झिजतात. ॲव्हरेज का पडलं म्हणून विचारायला येणाऱ्या काही गाड्यांत थर्मोस्टॅटच नसतो.

तपासणं अगदी सोपं. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून मधोमध लोंबता ठेवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर, खाली गॅस. त्याच्या कडेवर एक आकडा कोरलेला असतो, डिझेलमध्ये बहुधा 76 ते 88 च्या दरम्यान. त्या अंशाच्या आसपास झडप दोऱ्याएवढी फट देते आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडते. पाणी खळखळ उकळायला लागलं तरी झडप मिटलेलीच राहिली, तर तो टाका आणि त्याच आकड्याचा नवा बसवा. कमी अंशाचा बसवल्याने चोक रेडिएटर सुधारत नाही.

8. नागपुरात कुठे बर्फ पडतो? मग कूलंटचा खर्च कशाला? साधं पाणी चालणार नाही का?

गोठू न देणं हे कूलंटचं आपल्या कामाचं नसलेलं काम आहे. बाकीची दोन कामं आपल्याच हवामानासाठी आहेत.

पहिलं, उकळबिंदू. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण, कॅप धड असेल तर, सुमारे 129 अंशांपर्यंत उकळत नाही. साधं पाणी त्याच कॅपखाली 120 च्या आसपास उकळतं. भरलेल्या गाडीच्या हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती, हे आठ-नऊ अंश फार मोलाचे असतात, कारण वाफेचा बुडबुडा बसला की तिथला धातू थंड होणं थांबतं.

दुसरं, गंज आणि क्षार. बोअरचं पाणी ज्या बादलीत रोज भरता तिच्या कडेवरचा पांढरा थर बघा. तोच थर इंजिनात सगळ्यात गरम जागी बसतो, म्हणजे नेमका जिथे थंडाव्याची गरज सगळ्यात जास्त आहे तिथे. शिवाय कास्ट आयर्नचा ब्लॉक गंजून लाल गाळ होतो आणि तो रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो.

म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, निम्मे-निम्मे. बॅटरीचं पाणी कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळतं, तेच वापरा. कूलंट कॅनवर "थेट वापरा" लिहिलं असेल तर त्यात पाणी मिसळू नका. आणि नुसतं घट्ट कूलंट भरणंही चूक आहे. पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही, गाडी उलट जास्त तापते.

अडीअडचणीला, रस्त्यात, नळाचं पाणी टाकायला हरकत नाही. घरी आल्यावर ते काढून टाका.

9. हिरव्यात लाल कूलंट मिसळलं गेलं. काय होईल?

रंगावर काही नसतं, प्रत्येक कंपनी हवा तो रंग घालते. आतली रसायनं वेगळी असतील तर एकमेकांचा गंजरोधक गुण मारतात, कधी कधी चिकट गाळ होतो. सगळं काढा, स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा फिरवा, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकाराचंच भरा.

10. पाणी रोज कमी होतं, पण खाली एक थेंबही दिसत नाही. जातं कुठे?

आधी कॅप बघा. रबर कडक झालं, चिरलं किंवा स्प्रिंग सैल झाली की कॅप ठरलेला दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि वाफ होऊन उडतं. सगळ्यात स्वस्त पार्ट आहे आणि सगळ्यात शेवटी बदलला जातो. नवी घेताना जुनीवर लिहिलेला दाबाचा आकडा जुळवा. जास्त दाबाची "मजबूत" कॅप लावली तर जुना होज पाइप किंवा हीटरची नळी फुटते.

मग वॉटर पंपाखालचं बारीक भोक बघा. आतलं सील गेलं की तिथून पाझर होतो, पण गरम ब्लॉकवर सुकून जातो. मागे राहतो तो पांढरा किंवा हिरवट डाग. क्लॅम्पच्या कडांनाही असाच डाग शोधा. हीटरची गळती पायाखालच्या मॅटच्या ओलीवरून आणि केबिनमधल्या गोडसर वासावरून कळते.

हे सगळं कोरडं निघालं तर प्रेशर टेस्टर लावून रात्रभर दाब धरून ठेवा. तरी दाब उतरला आणि बाहेर ओल नाही, म्हणजे पाणी इंजिनात जातंय: हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधला पातळ थर) किंवा ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर पाण्याने थंड करणारा भाग (प्रश्न 11).

11. हेड गॅस्केट उडालंय हे हेड न खोलता कसं ओळखायचं?

सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बघायचं. कॅप काढा, पाणी तोंडापर्यंत भरा, सुरू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येणं स्वाभाविक आहे, अडकलेली हवा निघते. पण ते थांबतच नसतील, रेस दिल्यावर वाढत असतील आणि पाणी उसळून बाहेर येत असेल तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय. दुसरी खूण: कॅप लावून थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा पाइप टणक होतो. पाणी अजून गरमच झालेलं नाही, मग दाब आला कुठून?

सकाळी सुरू करताना एक सिलिंडर मिस, बराच वेळ रेंगाळणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, डिपस्टिकवर चहाच्या रंगाचा फेस, या पुढच्या खुणा. एक निळं रसायन मिळतं, त्यातून रेडिएटरमधली हवा ओढली की ज्वलनाच्या वायूने त्याचा रंग बदलतो. चांगल्या गॅरेजमध्ये ते असतं, मागून घ्या.

आता अडचणीची गोष्ट. ईजीआर कूलर असलेल्या गाड्यांत बुडबुडे, पांढरा धूर, पाणी कमी होणं, या सगळ्या खुणा फुटलेल्या ईजीआर कूलरनेही दिसतात. एक्झॉस्टचा वायू त्यातूनच पाण्यात शिरतो. एका गाडीचं हेड दोनदा खोललेलं होतं, दोनदा फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), दोनदा नवं गॅस्केट, आणि दोष ईजीआर कूलरमध्ये होता. तो काढून, बंद करून, पाण्यात बुडवून हवेचा दाब द्यायला फार वेळ लागत नाही. हेडला हात लावण्याआधी हे करून घ्या, मिस्त्री नाही म्हणाला तरी आग्रह धरा.

सकाळी स्टार्टर "टक" करून जागच्या जागी अडकत असेल तर धक्का मारून सुरू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असू शकतं आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

रेडिएटरमध्ये तेल आलंय पण डिपस्टिक स्वच्छ आहे, अशी गाडी आली तर हेडच्या आधी ऑइल कूलर तपासतो. चालू इंजिनात तेलाचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असतो, म्हणून कूलर फुटला की तेल पाण्यात जातं.

12. परवाच कूलंट बदललं आणि तेव्हापासूनच तापते. उलटं कसं झालं?

आत हवा अडकली आहे. तोंड चढाकडे करून गाडी उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर येईल. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि सावकाश भरा. कॅप उघडी ठेवून सुरू करा, वरचा पाइप हाताने दाबत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. हीटरमधून एकसारखी गरम हवा यायला लागली की हवा निघाली. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी परत बघा.

13. काटा निम्म्यावरच होता, तरी इंजिन जाम झालं. मीटर खराब होता का?

मीटर बहुधा ठीक असतो. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगतो. सगळं पाणी निघून गेलं की तो नुसत्या हवेत-वाफेत राहतो आणि काटा खोटा खाली येतो. म्हणून काटा वर जाऊन अचानक आपोआप खाली आला तर सुटलो असं समजू नका, ताबडतोब थांबा. हीटर चालू असताना तो एकदम थंड हवा फेकायला लागला, तर पाणी संपल्याची ती त्याहून आधीची खूण.

नव्या गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. 80 आणि 100 अंशांमध्ये तो हलतच नाही. हलायला लागला तेव्हा उशीर झालेला असतो. स्कॅनर लावून खरा आकडा बघणं हाच उपाय.

14. सगळं तपासलं, सगळं नवं आहे. तरी लोडमध्ये तापतेच. आता काय उरलं?

इंजिनला जास्त काम कोण लावतंय ते शोधा. सपाट जागी गाडी न्यूट्रल करून हाताने ढकला. एका माणसाने हलत नसेल तर ब्रेक धरून ठेवतोय. दहा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या (लावू नका), एक चाक फार गरम लागलं तर तेच कारण. क्लच घसरत असेल तर रेस वाढते, वेग वाढत नाही, आणि इंजिन उगाच तापतं. टर्बोपासून येणारा हवेचा पाइप फाटला असेल तर काळा धूर, कमी ताकद आणि जास्त उष्णता, तिन्ही एकत्र येतात. जुन्या पंपाच्या गाडीत टायमिंग आणि इंजेक्टर तपासा.

आणि ओव्हरलोड. पासिंग दीड टनाचं आणि वर तीन टन गिट्टी असेल तर कोणताही रेडिएटर पुरणार नाही. भाडं कमी पडतं हे मला कळतं, माझ्याकडे येणाऱ्यांतले बहुतेक हप्त्यावरच्या गाड्या चालवतात. तरी एका हेडच्या कामात किती फेऱ्यांची कमाई जाते, ते एकदा मांडून बघा.

15. छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीच्या घाटात काटा चढतो. गिअर कोणता ठेवू?

खालचा. लोक उलट करतात, वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवतात. तेव्हा पंखा आणि वॉटर पंप दोन्ही मंद फिरतात आणि सिलिंडरमध्ये इंधन मात्र भरपूर पडतं. एक गिअर कमी करा, ॲक्सिलरेटर थोडा सोडा, एसी बंद ठेवा. वर पोहोचल्यावर लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं न्यूट्रलवर चालू ठेवा, टर्बोलाही ते हवंच असतं.

16. माझी बीएस-6 गाडी आहे. कधी कधी उभी केल्यावर पंखा जोरात चालतो आणि खालून जळका वास येतो. तापतेय का?

काटा जागेवर असेल तर नाही. सायलेन्सरमधला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) साठलेली काजळी जाळत असतो, तेव्हा तिथलं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांवर जातं. मधेच बंद करू नका, आणि अशा वेळी कडबा, वाळलेलं गवत किंवा पऱ्हाटीच्या ढिगावर गाडी उभी करू नका. खालून आग लागू शकते.

17. एकदा खूप तापली होती, वाफ निघाली होती. पाणी भरलं, आता ठीक चालते. सोडून देऊ का?

सोडू नका. ॲल्युमिनियमचं हेड असेल तर ते वाकलेलं असू शकतं, आणि वाकलेलं हेड पहिले काही आठवडे काहीच सांगत नाही. तेल बदला, कारण जळालेल्या तेलाचा पातळ थर बेअरिंगला सांभाळत नाही. कॅप आणि सगळे रबरी पाइप बघून घ्या. मग पंधरा दिवस रोज सकाळी, सुरू करण्याआधी, पाण्याची पातळी बघून डायरीत लिहा. एकाच रेषेवर राहिली तर ठीक.

रोज थोडी उतरत असेल तर प्रश्न 10 पासून सुरुवात करा. हेड खोलायची वेळ आलीच तर फेसिंगला टाकण्याआधी आणि आल्यावरही, सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून तुमच्यासमोर मोजायला सांगा. बहुतेक इंजिनांत मर्यादा 0.05 ते 0.1 मिलिमीटरची असते, केसाच्या जाडीएवढी. नवं गॅस्केट घालताना हेडचे बोल्ट जुनेच वापरायचे की नवे, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. नवे सांगितले असतील तर नवेच घ्या आणि टॉर्क पान्यानेच, सांगितलेल्या क्रमाने आवळून घ्या.